फायनल सांगा, भाऊ

15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठे बदल येणार असं जाहीर झालं आणि आमची एसीची खरेदी तिथेच अडकली. तोवर सगळं ठरलं होतं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत दीड टनाचा पाच स्टारवाला स्प्लिट लावायचा, दुकान बर्डीतलं, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातलं, पैसे बाजूला काढलेले. उन्हाळा सरल्यावर एसी कशाला, असं बाहेरच्यांना वाटेल. पण नागपूरचा उन्हाळा कूलरवर निघतो. 45 डिग्रीची कोरडी झळ असली की नव्या खसच्या ताट्या लावलेला कूलर कुणाला हार जात नाही. खरा त्रास जुलैपासून पुढे. हवा दमट, त्यात कूलर लावला की चादरीसुद्धा ओलसर लागतात, आणि आईंना दमा आहे.

मी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते. त्यामुळे घरात सगळ्यांनी धरून घेतलं की एसी कधी घ्यायचा हे मीच सांगणार. करांबद्दल सांगता येतं हो, भावाबद्दल कोण सांगणार? त्या चार-पाच महिन्यांत त्याच मॉडेलचा भाव इतक्या वेळा बदलला की शेवटी मी ऑफिसच्या सवयीने एक्सेलची शीट केली. भाव खाली गेला की वर, हे तर दिसतच होतं. मला पाहायचं होतं की दर वेळी त्यातलं नेमकं काय हललं. म्हणून रकाने असे पाडले: कराआधीची रक्कम, कर, बँकेची सूट, फिटिंग. आणि शेवटी हातातून जाणारी रक्कम.

जुलैत दुकानदाराने 39,990 सांगितले होते. ऑगस्टच्या अखेरीस तोच एसी 36,500 वर आला, तोही 28 टक्के जीएसटी धरून. कारण सरळ होतं. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने हजेरी लावली होती, एसीचा सीझन बुडाला होता आणि डीलरांची गोदामं भरलेली होती. त्यात लाल किल्ल्यावरची घोषणा. दुकानात एसीच्या रांगेसमोर कुणी थांबेना. तिथला मुलगा व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून माझ्याकडे सरकवायचा. वर मोठा आकडा काटलेला, खाली छोटा आकडा, त्याखाली दोन रेघा. "मॅडम, लेना है तो आज बोलो, ये लास्ट है." मालक गल्ल्यावरून बोलायचे, "ताई, कंपनीची स्कीम एकतीसला संपून राहिली. दिवाळीचं कोणी पाहिलं?"

मी थांबले. नवरा म्हणाला, दहा टक्के कमी होणार, म्हणजे साडेतीन हजार वाचले.

इथे पहिला हिशेब. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने निर्णय घेतला आणि 22 सप्टेंबरपासून एसी, 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि डिशवॉशर 28 वरून 18 टक्क्यांत आले. पण 28 चे 18 झाले म्हणजे वस्तू दहा टक्क्यांनी स्वस्त होत नाही. कर मूळ रकमेवर लागतो. मूळ रक्कम शंभर असेल तर आधी 128 मोजायचे, आता 118. म्हणजे 128 वर दहा रुपये वाचले, 7.8 टक्के. 36,500 च्या एसीवर ही बचत 2,850 च्या आसपास, आणि भाव 33,650 च्या घरात यायला हवा होता. हा आकडा मी शीटमध्ये पिवळा करून ठेवला.

(शेजारच्या काकू याच आशेवर फ्रिजसाठी महिनाभर थांबल्या होत्या. फ्रिज आणि वॉशिंग मशीन जुलै 2018 पासूनच 18 टक्क्यांत आहेत, त्यांचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. हे त्यांना सांगितलं तर त्या माझ्यावरच नाराज झाल्या.)

22 सप्टेंबरला घटस्थापना होती. बर्डीत दुकानांवर "जीएसटी बचत"चे फलक आणि झेंडूची तोरणं एकाच दिवशी लागली. आमच्या एसीवर नवीन भाव होता 36,990.

मी मालकांना विचारलं, "भाऊ, ऑगस्टमध्ये 28 टक्के धरून 36,500 सांगितले होते ना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती ताई. तेव्हा कंपनीची स्कीम होती. आता स्कीम बंद."

घरी येऊन दोन्ही आकडे फोडले. ऑगस्टच्या भावात कराआधीची रक्कम 28,516 होती. घटस्थापनेच्या भावात ती 31,347 झाली होती. सरकारने कर सोडला आणि कंपनीने त्याच वेळी डीलरला मिळणारी सूट काढून घेतली. कर घटल्याचा फलक खोटा नव्हता. भाव घटला नाही, एवढंच.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, ही नफेखोरी नाही का, तक्रार कर. घटलेल्या कराचा लाभ ग्राहकाला द्यायलाच हवा, यासाठी जीएसटी कायद्यात कलम 171 आहे. पण नफेखोरीविरोधी यंत्रणेचे नवे अर्ज घेणं 1 एप्रिल 2025 पासूनच बंद झालं होतं. उरली होती ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे फोन करून तरी काय सांगणार होते मी? खोक्यावर छापील किंमत 62,990 होती. शेजारी नवं स्टिकर, 58,069. शिल्लक मालावर असं सुधारित किमतीचं स्टिकर लावायला सरकारने परवानगी दिली होती, जुनी किंमतही दिसत राहिली पाहिजे या अटीवर. म्हणजे छापील किंमत अगदी बरोब्बर 7.8 टक्क्यांनी, जवळजवळ पाच हजारांनी उतरली होती. फक्त ती किंमत या शहरात कुणी कधी मोजली नव्हती. एमआरपी हा वरचा पट्टा झाला, त्याच्या खाली वीस-बावीस हजारांचं मोकळं मैदान, आणि सगळा खेळ त्या मैदानात. कायद्याने कंपनीने ग्राहकाला लाभ दिला. बाजारभावाने दिला नाही.

दुकानदाराची एक तक्रार मात्र मला त्या दिवसांत सारखी ऐकू यायची आणि ती अर्धीच खरी होती. "आम्ही 28 ने भरून ठेवलाय, 18 ने कसा विकू?" 28 टक्के भरून घेतलेल्या मालाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीवरच्या करातून वजावट, पूर्ण मिळतं, ते बुडत नाही. पण विक्रीवर 18 च भरायचे असल्यामुळे उरलेलं क्रेडिट लेजरमध्ये पडून राहतं, दुसऱ्या मालाच्या करात हळूहळू वळतं होतं. तोपर्यंत पैसा अडकतो. आमच्याकडे रिटर्न भरायला येणारे दोघं-तिघं डीलर त्या महिन्यात याच कारणाने कावलेले होते. त्यामुळे मालकांचा राग मला कधी आला नाही.

मग आले ऑनलाइन सेल, आणि शीट फुगायला लागली.

दुकानात भाव निदान माणूस बदलतो. ऑनलाइन तो कधी बदलतो तेच कळत नाही. रात्री अकराला 36,490, सकाळी डबे भरताना पाहिलं तर 37,490. पानावर ठळक अक्षरांत 33,490 दिसायचे. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की जुना एसी एक्स्चेंजमध्ये दिला आणि ठरावीक बँकेचं क्रेडिट कार्ड वापरलं तर. आमच्याकडे जुना एसी नव्हता. कूलर कोणी एक्स्चेंजमध्ये घेत नाही. "फक्त 2 शिल्लक" ही पाटी तर आठवडाभर दोनवरच होती. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली त्यांत ही खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर आहे. आता त्या गोदामात खरंच दोन नव्हते हे मी कशावरून म्हणू?

नवऱ्याला शंका होती की माझ्या फोनवर जास्त भाव दाखवतात, कारण मी सारखी तेच पान उघडते. जानेवारी 2025 मध्ये टॅक्सीच्या ॲपांना याच संशयावरून नोटिसा गेल्या होत्या, फोनच्या कंपनीप्रमाणे वेगळं भाडं लावता का म्हणून, ते त्याने वाचलेलं. आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन फोन शेजारी ठेवून तेच पान उघडलं. खरंच नऊशे रुपयांचा फरक! मी म्हटलं थांब, पिन पाहा. माझ्या फोनवर घरचा 440022 होता, त्याच्या फोनवर वर्धा रोडवरच्या ऑफिसचा. दोन्हीकडे पिन सारखा केला तर भाव सारखा. खाली विक्रेत्याचं नावही आधी वेगवेगळं होतं, ते आता एक झालं. दोन पिनांना दोन वेगळे विक्रेते माल देत होते आणि पान ते सांगत होतं, फक्त कोपऱ्यात. त्याचा हिरमोड झाला. त्याला कट सापडला असता तर आवडलं असतं.

बँकेच्या सवलतीचं कॅलेंडर त्यातल्या त्यात सरळ निघालं. ती शनिवार-रविवारी उगवते, तिला कमाल मर्यादा असते, आणि ज्या दिवशी ती चालू होते त्या दिवशी मूळ भाव थोडा वर सरकलेला असतो. नेहमी नाही, पण माझ्या शीटमध्ये बहुतेक वेळा. दीड हजाराची सूट आणि आठशेची वाढ एकाच सकाळी. नुसत्या बचतीच्या रकान्याकडे पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, म्हणून मी शेवटचा रकाना लाल केला: हातातून किती गेले.

दसरा गेला, धनत्रयोदशीलाही भाव 36 हजारांच्या खाली आला नाही. दिवाळीत आईंनीच विषय बंद केला. "आता थंडी येते. राहू दे तुझा तो एसी." माझा तो एसी!

डिसेंबरात मालकांचा फोन आला. "ताई, नवीन लेबलचा माल येऊन राहिला. जुन्या लेबलचे दोन-तीन पीस आहेत माझ्याजवळ. या."

1 जानेवारी 2026 पासून एसीच्या स्टारचा नवा तक्ता लागू होणार होता. निकष वर सरकले की कालचा पाच स्टार आज चार स्टार ठरतो. मशीन तेच, कॉम्प्रेसर तोच, विजेचं बिल तेवढंच, फक्त पाटीवरचा एक तारा जातो. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते 1600 तासांच्या वापरावर धरतात. मी तारे मोजणं सोडून तो युनिटचा आकडा पाहत होते आणि तो आकडा काही 1 जानेवारीला बदलणार नव्हता. डीलरसाठी मात्र तारा म्हणजे पैसा. आणि डिसेंबरात, रात्री पारा दहाच्या आसपास असताना, नागपुरात एसी मागायला येणार कोण? त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं ते गीझरचं.

"फायनल सांगा, भाऊ. बिलासकट, घरपोच."

त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. 34,800.

नवऱ्याला नो कॉस्ट ईएमआय हवा होता, सहा हप्त्यांचा. मालक म्हणाले, मग 35,500. हे ऐकून तो चिडला, नो कॉस्ट म्हणता आणि वर सातशे? मी त्याला बाजूला नेलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं आहे. बँक व्याज घेतेच. कंपनी किंवा दुकानदार तेवढी सूट आधी देतो, म्हणून आपल्याला ते शून्य दिसतं. इथे ती सूट कुणाच्या खिशातून येणार होती ते मालकांनी तोंडावर सांगितलं, एवढाच फरक. शिवाय त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ते दुकानाच्या बिलात दिसत नाही, कार्डाच्या स्टेटमेंटवर उगवतं. आमच्या रकमेला ते पाचशेच्या पुढे गेलं असतं. यूपीआय केलं आणि विषय संपवला.

बिल मी तिथेच उभी राहून वाचलं. 29,491.53, त्यावर केंद्राचे 9 आणि राज्याचे 9 टक्के, 2,654.24 आणि 2,654.24. ऑगस्टच्या 28,516 पेक्षा मूळ रक्कम तेव्हाही हजाराच्या जवळपास जास्तच होती. माझा पिवळा 33,650 कधी आलाच नाही.

फिटिंगचं आणखी वेगळं. एसीचा भाव घासून घासून हजार-दोन हजार कमी करणारा माणूस फिटिंगवाल्यासमोर गप्प बसतो, कारण तोवर मशीन भिंतीवर अर्धं चढलेलं असतं. आमच्याकडे बाहेरचं युनिट गच्चीवर न्यायचं होतं. सोबत आलेला तीन मीटरचा पाइप पुरणार नव्हता. ऑगस्टमध्ये मी सहज विचारून ठेवलं होतं तेव्हा जादा पाइपचा दर मीटरला 750 सांगितला होता. आता 900. "तांब्याचा भाव पाहा ताई," तो मुलगा ड्रिल बाजूला ठेवत म्हणाला. तांबं खरंच चढलं होतं, त्या महिन्यात जागतिक बाजारात विक्रम झाला होता. पण त्याने गच्चीवर जायच्या आधीच माझ्या डोळ्यांसमोर टेप धरून पाइप मोजला आणि कापलेला तुकडा मला दाखवून परत नेला नाही, इथेच ठेवला. त्याच्याशी मी घासाघीस केली नाही. स्टँड, भोक पाडणं, पाइप, सगळं मिळून जे झालं ते साडेपाच हजारांच्या वर गेलं. शीटमध्ये इतके महिने ज्या रकान्यात मी शून्य ठेवलं होतं, तोच एका दुपारी भरला. एसी घेणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी आता आधी बाहेरचं युनिट कुठे बसणार ते विचारते.

एवढं होईतो भाचा आला. तो इथेच इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप संथ झाला होता, 16 जीबीची रॅम टाकायची होती. दिवाळीआधी यशवंत स्टेडियमसमोरच्या दुकानात त्याला चार हजारांच्या आत सांगितले होते. तो म्हणाला, मावशी, तू एसीसाठी थांबलीस तर स्वस्त मिळाला, मीही थांबलो. जानेवारीत गेला तर तीच स्टिक अकरा हजारांच्या वर.

रॅमवर 18 टक्के आधीही होते, आताही आहेत. कर हललाच नाही. हललं ते दूर कुठेतरी. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे त्यांनी आपले कारखाने वळवले. त्यांपैकी मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात डॉलर नव्वदीपार. एसीला नागपुरात तयार माल पडून होता, डीलरला तो काढायचा होता. रॅम मुळात येतच नव्हती. थांबणं एकाला फळलं आणि दुसऱ्याला नडलं, यात आम्हा दोघांची हुशारी किंवा मूर्खपणा काही नव्हता.

मी त्याच्यासोबत गेले. दुकानदार कोटेशन द्यायला तयार होता, पण खाली हाताने लिहून दिलं, "आज सायं. 6 पर्यंत". इतवारीत सराफाकडे जसा सकाळी फळ्यावर भाव लागतो तसाच इथे लागतो म्हणाला. फक्त सराफ दुसऱ्या दिवशी कमीही करतो.

अकरा हजार देणं शक्य नव्हतं. शेवटी 8 जीबीची एक जुनी स्टिक निघाली, कुणाच्या तरी बिघडलेल्या लॅपटॉपमधली. त्याने भाच्याच्या लॅपटॉपमध्ये बसवून, चालू करून दाखवली. 2,800, महिन्याची वॉरंटी.

"बिल द्याल ना?"

"बिलासह म्हणाल तर ताई, 18 टक्के वेगळे."

मी म्हटलं, जुना माल बिनक्रेडिटचा घेतला असेल तर कर पूर्ण रकमेवर लागत नाही, फक्त तुमच्या नफ्यावर लागतो. तुम्ही केवढ्याला घेतली?

तो भाच्याकडे पाहून हसला. "ह्या ऑडिटवाल्या आहेत का?" मग थोडा वेळ बिलबुकाशी खेळत बसला आणि बिल केलं, 2,900 चं. नफा किती ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.